शालू बसून उलगडायचा असतो

आमच्या साडभाऊंनी आजवर जेवढी माणसं खाली बसवली, तेवढी वऱ्हाडातल्या सगळ्या एसट्यांनी मिळून बसवली नसतील. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. ते अकोल्याचे, मी अमरावतीचा. साडू-साडूंचं नातं आपल्याकडे मोठं नाजूक असतं. सासुरवाडीत कोणाच्या पोळीवर तूप जास्त पडलं, कोणाला कपडे भारी मिळाले, यावर माणसं जन्मभर मनातल्या मनात कुढत राहतात. आमच्यात तसं काही झालंच नाही, कारण हा माणूस सासुरवाडीच्या पंगतीत कधी पाटावर टेकलाच नाही. आपल्या पहिल्याच दिवाळसणाला त्यांनी सासूबाईंच्या हातातली वरणाची बादली काढून घेतली आणि म्हणाले, "माय, तुमी पाह्यटपासून उभ्याच हायेत. बसा तुमी. मी वाढतो." जावयाने वाढायचं अन् सासूने जेवायचं! सगळं घर हादरलं. पोराच्या डोक्यात काही फरक तर नाही ना, अशी सासरेबुवांनी अकोल्यात गुपचूप चौकशीसुद्धा केली म्हणे. सासूबाई मात्र पदर सावरून बसल्या, दोन घास खाल्ले आणि रडायला लागल्या. "या घरात आल्यापासून मले जेवाच्या टायमाले कोनी 'बस' म्हनलं नवतं," एवढंच त्या बोलल्या. तेव्हापासून त्या घरात साडभाऊंना सगळे गुन्हे माफ होते.

आणि गुन्हे काय कमी केले? माझ्याच लग्नाचं सांगतो. मी नवरदेव, घोडीवर. आमची वरात वाजतगाजत मंडपाकडे निघालेली आणि मुलीकडून आम्हाला घ्यायला साडभाऊ आलेले. वरातीच्या दोन्ही बाजूंनी डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेऊन बाया चालतात ना, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. लोक दिवे पाहतात. साडभाऊंनी बाया पाहिल्या. आमच्या मित्रमंडळींचं नाचणं एका चौकात असं काही रंगलं की वरात पुढे सरकेना, आणि त्या बाया माना ताठ करून तशाच उभ्या. साडभाऊ शांतपणे पुढे गेले, एकेकीच्या डोक्यावरचा दिवा उतरवला, एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना बसवलं आणि जनरेटरवाल्याला म्हणाले, "बंद कर बावा थोडा वेळ." झालं! वरात अंधारात, घोडी बिथरलेली, मी तिच्या मानेला मिठी मारून बसलेलो. तेवढ्यानेही समाधान नाही. बँडवाल्यांना त्यांनी मंडपात नेलं आणि वरपक्षाच्या मानकऱ्यांसाठी मांडलेल्या लाल सोफ्यावर ओळीने बसवलं. माझे थोरले काका आले तेव्हा त्यांच्या जागेवर ट्रम्पेटवाला सरबत पीत होता. काका असे रुसले की त्यांची समजूत घालता घालता मुहूर्त टळला. यावर साडभाऊंचं म्हणणं काय, तर "सोफा रिकामाच पडून राह्यला होता." आता बोला!

अकोला-अमरावती एसटीत तर त्यांच्यासोबत प्रवास करायची सोयच नव्हती. कंडक्टर आला की हे उठून उभे. "तुमी बसा माह्या जागेवर. लोकं इथं येऊन तिकीट घेतीन." कंडक्टर आधी हसायचा, मग चिडायचा. एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे एक कंडक्टर हात जोडून म्हणाला, "काका, माही नोकरी खाता काय? चेकिंग आलं अन् मी बसलेला दिसलो तं?" त्यावर साडभाऊ अख्ख्या गाडीला उद्देशून म्हणाले, "पाहा बरं! चालत्या गाडीत बसाची चोरी!" शेवटी कंडक्टर बसला नाही तो नाहीच, आणि त्याला सोबत म्हणून साडभाऊ अमरावतीपर्यंत उभे राहिले. ताईंच्या घरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकेक करून घरातून नाहीशा झाल्या. एक एटीएमच्या राखणदाराकडे, एक दवाखान्याच्या फाटकावर, एक नव्या इमारतीच्या वॉचमनकडे. पाहुणे आले की ताई सतरंजी अंथरायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या खुर्च्या ड्यूटीवर गेल्या हायेत."

हे वेड कुठून आलं, ते मला फार उशिरा कळलं. साडभाऊ अकोल्यातल्या एका मोठ्या कापड दुकानात साड्या दाखवायचे. ऐन तारुण्यात तिथे लागले ते तिथेच. तेव्हा दुकान गादीचं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र गादी, चपला बाहेर, गिऱ्हाईक गादीवर, साड्या दाखवणारा गादीवर आणि म्हातारे शेठही कोपऱ्यात त्याच गादीवर. म्हातारे शेठ काही संत नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. लग्नसराईत रजा मागणाऱ्याला ते काय काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण राबणारा माणूस खाली बसू शकत होता. साडभाऊ मांडी घालून बसायचे आणि मनगटाला असा झटका द्यायचे की साडी समोरच्या बाईच्या पायापर्यंत आपोआप उलगडत जायची. बायका साडीआधी तो झटकाच पाहत राहायच्या.

म्हातारे शेठ गेले आणि छोट्या शेठच्या हातात दुकान आलं. छोटे शेठ कुठूनसे शिकून आले होते. त्यांनी गादी काढून टाकली, फरशी घातली, काचेचे काउंटर बसवले, गार हवा सोडली आणि दुकानाचं शोरूम केलं. गिऱ्हाइकांसाठी सोफे आले. स्टाफने मात्र उभं राहायचं. दुकान उघडल्यापासून शटर खाली ओढेपर्यंत उभं. गिऱ्हाईक असो, नसो. सकाळी आल्याबरोबर मशीनवर अंगठा लावायचा, मोबाईल पेटीत टाकायचा आणि आपापल्या काउंटरमागे खांबासारखं राहायचं. टेकायचंसुद्धा नाही, कारण छताच्या कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. छोटे शेठ वरच्या मजल्यावर बसून पाहायचे, कधी घरून पाहायचे, आणि त्या कॅमेऱ्यातूनच बोलायचे. दुपारच्या शांततेत छतातून एकाएकी आवाज यायचा, "तीन नंबर काउंटर, पाठ भिंतीले काहून लावली?" तीन नंबरचा माणूस ताठ व्हायचा आणि गिऱ्हाईक बाया दचकून वर पाहायच्या.

स्टाफनेही मग आपली अक्कल चालवली. छोट्या शेठच्या शोरूमइतक्या टाचण्या जगात कुठे पडत नसतील. साडीच्या घडीला टाचणी असते, ती पडली की शोधायला हवी, नाहीतर गिऱ्हाइकाच्या पायात रुतेल. त्यामुळे काउंटरमागे आळीपाळीने कोणीतरी उकिडवं बसून टाचणी शोधत असायचं. साडभाऊंनी मला मोठ्या गंभीरपणे सांगितलं होतं, "एक टाचणी सापडाले बराच टाइम लागते, प्रोफेसर साहेब. घाई करून जमत नाई." ऐकताना मी खूप हसलो होतो. त्या शोरूममध्ये त्यांच्याएवढ्या वयाची माणसं टाचणी शोधण्याचं निमित्त करून घोट्यांना विसावा देत होती, हे डोक्यात शिरल्यावर हसू आपोआप बंद झालं. बायांचे तर त्याहून हाल. पाय सुजायचे, पोटऱ्यांवर निळ्या शिरा उमटायच्या. घरी गेल्यावर साडभाऊ पाय गरम पाण्यात बुडवून उभे राहायचे. हो, उभेच. "आता बसलो तं उठणं होत नाई," म्हणायचे. बाहेरच्या जगात दिसेल त्याला बसवत सुटणाऱ्या या माणसाला स्वतःच्या कामावर बूड टेकायची मुभा नव्हती. मला त्या छोट्या शेठचा असा संताप यायचा, की विचारू नका. पण माझ्या संतापाला विचारतो कोण? मला 'प्रोफेसर' म्हणणारे सगळ्या जगात साडभाऊ एकटेच. कॉलेजच्या लेखी मी तासिका तत्त्वावरचा. तास झाला की मी संपलो.

अशाच एका तासिकेच्या नोकरीसाठी मी अकोल्याला मुलाखतीला गेलो होतो. आम्हा उमेदवारांना सकाळभर व्हरांड्यात उभं ठेवून 'नंतर कळवू' असं सांगण्यात आलं. तोंड कडू झालेलं. साडभाऊंना जेवायला बाहेर काढावं म्हणून मी शोरूमवर गेलो आणि गिऱ्हाइकांच्या सोफ्याच्या टोकाला बसून राहिलो. लग्नसराई ऐन भरात होती. साडभाऊंच्या शेजारच्या काउंटरवर शुभांगी नावाची एक पोरगी काम करायची. तिचं नाव मी ताईंकडून ऐकलं होतं. तिला दिवस गेलेले होते, आठवा सरत आलेला. पायात चप्पल जाईना म्हणून ती फरशीवर अनवाणी उभी होती. डॉक्टरीणबाईंनी तिला उभं राहू नको असं बजावलं होतं. पण नवरा ज्या दालमिलमध्ये रोजाने जायचा ती बंद पडलेली, आणि शोरूममध्ये रजा घेतली की नाव कटलं. घर तिच्या उभं राहण्यावर चाललेलं. साडभाऊ तिच्यासाठी वर जाऊन आले होते. एक स्टूल द्या, एवढीच मागणी. छोटे शेठ म्हणाले होते, "एकीले देल्लं की सगळे मागतात, काका. अन् बसलेला स्टाफ गिऱ्हाइकाले आळशी दिसते. तिच्याच्यानं उभं राहणं होत नसन, तं म्हणा घरी बस." साडभाऊ खाली आले आणि पुन्हा आपल्या काउंटरमागे उभे राहिले. ताई सांगायच्या, त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत.

मी सोफ्यावर बसलेला असतानाच बाळापूरकडच्या एका गावचा बस्ता आला. आपल्याकडे लग्नाचे सगळे कपडे एका दिवशी, एका दुकानात, सगळ्या भावकीच्या साक्षीने घेतात; त्या खरेदीला बस्ता म्हणतात आणि बस्ता घेत नाहीत, फाडतात. नवरदेवाकडची मंडळी होती. काका, माम्या, आत्या, लेकरं, आणि सगळ्यांच्या मध्ये नवरदेवाची आजी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की छतातल्या कॅमेऱ्याला माइकची गरज पडू नये. सोफे भरून गेले. आजी म्हणाली, "आंदी नवरीचा शालू दाखवा. बाकीचं मंग." शालू शुभांगीच्या काउंटरवर होते. तिने वरच्या फळीवरून एक काढला, वळली आणि तशीच थांबली. ओठ पांढरे पडले होते. एका हाताने तिने काचेची कड घट्ट धरली होती, दुसऱ्या हातात शालू. मी अर्धवट उठलो. माझ्या आधी साडभाऊ पोचले.

त्यांनी तिच्या हातातला शालू घेतला नाही. तिचा दंड धरला आणि आजीला म्हणाले, "माय, एक सांगू काय? लग्नाचा पह्यला शालू उभ्यानं उलगडत नाईत. बसून, मांडीवर घेऊन उलगडा लागते. उभ्यानं उलगडला, तं घरात लक्ष्मी उभीच राह्यते. टिकत नाई."

त्या दुकानात साडभाऊ हजारो शालू उभ्याने उलगडून चुकले होते, आणि तेही आजूबाजूच्या साऱ्या स्टाफच्या डोळ्यांदेखत. पण कोणाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. आजीने क्षणभर डोळे बारीक केले आणि जोरात मान हलवली. "हाव, हाव! माही सासू असंच म्हने." मग तिचं लक्ष शुभांगीच्या पोटाकडे गेलं. "बाप्पा! अन् ही तं पोटुशी हाय! काहून वं पोरी, तू उभी काहून? ये, इथं माह्या बाजूले बस. पोटुशीच्या मांडीवर नवरीचा शालू उघडला, यापरीस चांगलं काय रायते?"

शुभांगीने वर पाहिलं. छताकडे. तिची ती नजर मला अजून आठवते. आठ महिन्यांची गर्भार बाई, पाय थरथरताहेत, शेजारी मऊ सोफा आहे, एक म्हातारी हात धरून ओढते आहे, आणि ती परवानगीसाठी छताकडे पाहते! साडभाऊ हळूच म्हणाले, "वर नको पाहू. बस." ती बसली. मांडीवर शालू घेतला. आणि छतातून आवाज आलाच, "स्टाफ सोफ्यावर कोण बसला? उठा! चलो, उठो!"

शुभांगी उठायला लागली. आजीने तिच्या खांद्यावर पंजा ठेवून तिला खाली दाबलं आणि छताकडे मान वर करून विचारलं, "कोन व्हय थे? वरून कोन बोलून राह्यलं?"

"मालक हायेत, माय," साडभाऊ म्हणाले.

"मालक हाय तं खाली ये म्हना! पोटुशीले उठवाचं असन, तं माह्या समोर येऊन उठव. अन् ही उठली, तं आमीबी उठतो. बस्ता तसाच टाकून जातो. मंग तुह्या दुकानाचं काय व्हते, ते पाह्यजो!"

बस्ता टाकून भावकी उठून गेली, ही गोष्ट लग्नसराईत बाजारभर व्हायला किती वेळ लागतो, ते छोट्या शेठना ठाऊक होतं. छत गप्प झालं. थोड्या वेळाने तर मंडळींसाठी वरून चहा आला. शुभांगीने शालू उलगडला, मग दुसरा, मग तिसरा. आत्यांमध्ये रंगावरून भांडण जुंपलं. त्या गडबडीत तो आवडलेला शालू मांडीवर तसाच असताना पोरीचा डोळा लागला. बसल्या बसल्या, मान एका बाजूला कलती. आजीने तोंडावर बोट ठेवलं, आणि ती एवढी भावकी, जिच्या नुसत्या बोलण्याने काचा थरथरत होत्या, ती कुजबुजत बस्ता फाडू लागली. लेकरांना बाहेर पाठवलं. साडभाऊ तिच्या काउंटरवरच्या साड्या आवाज न करता दाखवत होते. मी पुष्कळ देवळांत गेलोय, पण इतकी शांतता कुठे अनुभवली नाही. मुलाखतीचं कडूपण कुठल्या कुठे गेलं, आणि खरं सांगतो, मला तिथे बसून रडू आलं.

मंडळी गेल्यावर पुरुषांच्या कपड्यांच्या काउंटरवरचे एक मिशाळ गृहस्थ साडभाऊंजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "काका, नवरदेवाची शेरवानीबी बसूनच उलगडा लागते काय?"

"आता लागते," साडभाऊ म्हणाले.

पुढे जे झालं त्यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसणार नाही, पण वऱ्हाडी माणसाचा बसेल. ती आजी गावोगावच्या लग्नांत गेली असणार. त्या सराईतच बस्त्याला आलेल्या बाया बजावू लागल्या, "आमाले बसून उलगडलेला शालू पाह्यजे. उभ्यानं नको." दुसऱ्या दुकानांत जाऊनही लोक हेच विचारायला लागले. आणि छोटे शेठ? धंद्याचा वास त्यांना बरोबर येतो. त्यांनी एका कोपऱ्यात पांढरी गादी घातली आणि वर सोनेरी अक्षरांत पाटी लावली की आमच्याकडे नववधूचा शालू जुन्या परंपरेनुसार बसून उलगडला जातो. गादीवर बसायला माणूस लागला. मग एकाने बसायचं अन् बाकीच्यांनी का उभं राहायचं, अशी कुरकुर सुरू झाली आणि गिऱ्हाईक बायाच स्टाफची बाजू घेऊन बोलू लागल्या. एका सणाच्या आधी काउंटरमागे स्टुलं आली. शुभांगीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. ती परत आली तेव्हा बस्त्यावाल्या बाया तिचं नाव घेऊन विचारत होत्या, त्यामुळे तिची जागा राहिली.

साडभाऊंची राहिली नाही. सराई उतरल्यावर छोट्या शेठनी त्यांना वर बोलावलं. आवाजात साखर घोळून म्हणाले, "काका, लय केलं तुमी दुकानासाठी. आता वय झालं. आता घरी बसा." कोणाचं वय कधी होतं हे मालक ठरवतो. निरोप नाही, नारळ नाही. साडभाऊंनी खाली येऊन आपला डबा घेतला आणि मागच्या दाराने घरी आले. मी तावातावाने अमरावतीहून गेलो. म्हटलं, भाऊ, वकील गाठू, कामगार ऑफिसात जाऊ, हे चालू द्यायचं नाही. ते म्हणाले, "जाऊ ना. पण चहा घ्या आंदी. बसा." आम्ही गेलोही. कामगार ऑफिसात आम्हाला बराच वेळ उभं ठेवलं. ते प्रकरण अजून तिथेच आहे.

परतताना मी त्यांना विचारलं, "भाऊ, शालू बसून उलगडायची रीत खरंच होती काय हो?"

"होती का नवती, कोनाले मालूम," ते म्हणाले. "आता हाय ना."

या हिवाळ्यात त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. मुलाकडची मंडळी त्याच शोरूममध्ये बस्ता फाडणार म्हणून हटून बसली; तिथे शालू रीतीने उलगडतात ना! साडभाऊ आधी येईनात. मुलगी रुसली, ताई चिडल्या, तेव्हा तयार झाले. मीही गेलो. आत पाऊल टाकल्यावर ते दारातच घुटमळले. इतकी वर्षं ते मागच्या दाराने यायचे. गादीवर शुभांगी होती. "काका!" म्हणत ती पुढे आली. तिने हात धरून त्यांना सोफ्यावर बसवलं, मध्यभागी, वधूपित्याच्या जागी. त्या शोरूममध्ये ते पहिल्यांदाच बसले होते, आणि कोणी उठवतं की काय असे कडेला टेकून बसले होते. शुभांगीने परत गादीवर बसून शालू मांडीवर घेतला आणि मनगटाला झटका दिला. तो थेट त्यांचाच झटका होता. साडभाऊ एखादं लेकरू पाहावं तसं पाहत राहिले.

तेवढ्यात जिन्यावरून छोटे शेठ स्वतः खाली आले. मोठा बस्ता, म्हणून हात जोडून, हसत. काउंटरमागे स्टुलांवर बसलेल्या माणसांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा आपापलं काम सुरू केलं. शुभांगीने तर शालूवरची नजरही काढली नाही. आणि आमचे साडभाऊ उठून उभे राहिले. ताडकन. हात विजारीच्या शिवणीला, पाठ ताठ, नजर खाली. मुलीचा बाप, डोक्याला फेटा, खिशात बस्त्याची यादी, आणि शेठसमोर काउंटरमागच्या माणसासारखा उभा.

व्याही गोंधळले. छोटे शेठही गोंधळले, "बसा ना काका, बसा," म्हणाले आणि कसंनुसं हसून वर निघून गेले. ताईंनी त्यांचा सदरा ओढला, तेव्हा कुठे ते भानावर आले आणि बसले. मला कोणाकडे पाहवेना. सगळ्यांना बसायचा हक्क मिळवून देणाऱ्या माणसाच्या पायांपर्यंत मात्र ती बातमी पोचलीच नव्हती. मी मनातल्या मनात त्या छोट्या शेठला इतक्या शिव्या दिल्या, की काही विचारू नका.

घरी जाताना रिक्षात मीच धीर करून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हटलं, "भाऊ, जाऊ द्या. सवय असते."

"हाव," ते म्हणाले. "पाय माहे हायेत, पण सवय त्याईची हाय. आता काई जात नाई ते." मग एकदम माझ्याकडे वळले. डोळे भरलेले होते, पण चेहरा असा उजळला होता की मी पाहतच राहिलो. "पण पोरगी उठली नाई, प्रोफेसर साहेब. पाह्यलं ना तुमी? मालक समोर आला, अन् ते बसूनच राह्यली!"

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते आत नेऊन खुर्चीवर बसवत होते, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी, ओळख असो नसो, हात धरून हेच सांगत होते.